घरातलं माणूस गेल्यानंतरची कागदपत्रं: काय आत्ता, काय नंतर

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी आईला घेऊन बँकेत गेले. कुणीतरी म्हणालं होतं की खातं लगेच बघा, नाहीतर पैसे अडकतील. मृत्यूचा दाखला अजून हातात आला नव्हता. बाबांची खाती नेमकी किती, हेही मला ठाऊक नव्हतं. काउंटरवर ‘दाखला घेऊन या’ एवढंच सांगितलं गेलं आणि आम्ही परत निघालो. रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. तिला त्या दिवशी घराबाहेर काढायची काडीचीही गरज नव्हती, हे मला नंतर कळलं. ते अजून मनाला लागून राहिलंय.

दीड वर्षानं माझा दीर गेला. वय ४४, नोकरीत असताना. तोवर मला वाट माहीत झाली होती. माझ्या धाकट्या जावेला एकही फेरी उगाच पडू दिली नाही, एवढं तरी जमलं.

या दोन घरांत मिळून जे कळलं ते क्रमानं लिहिते. सगळं महाराष्ट्रातलं आहे. वारसांबद्दल जे लिहिलंय ते हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे वारसाचे नियम वेगळे आहेत, कार्यालयांच्या पायऱ्या मात्र बहुतेक त्याच.

१. पहिला आठवडा: फक्त एवढंच

पहिलं, दवाखान्यातून निघताना मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र घेतलंय का ते बघा. मृत्यू घरी झाला असेल तर शेवटी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ते घ्यावं लागतं.

दुसरं, गेलेल्या माणसाचा मोबाइल चार्ज करून ठेवा आणि त्याचं सिम बंद करू नका. रिचार्ज संपत आला असेल तर मारा. विम्याच्या हप्त्याचे, एसआयपीचे (म्युच्युअल फंडाच्या ठरावीक हप्त्याचे), मुदत ठेवीचे मेसेज तिथेच येतात. बाबांची एक मुदत ठेव आम्हाला अशीच सापडली. ती संपत आल्याचा मेसेज आला तेव्हा.

तिसरं, एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून त्या खात्यातून पैसे काढू नका. पिन माहीत असला तरी नाही. खातेदार गेल्यावर तो पैसा सगळ्या वारसांचा असतो, आणि पुढे घरात वाद झाला तर ती एक एन्ट्री पुन्हापुन्हा पुढे केली जाते. खर्चाला हवेत म्हणून हात टाकावासा वाटतो, मला समजतं. पण या दिवसांत उसने घेतलेले बरे. खातं ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ अशा पद्धतीचं असेल तर गोष्ट निराळी. तिथे हयात खातेदार रीतसर व्यवहार करू शकतो.

आणि चौथं, पहिल्या तेरा दिवसांत घरातल्या कुणीही, विशेषतः आईनं, कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. ‘नुसती औपचारिकता आहे’ म्हणून आणलेल्या कागदावर तर नाहीच.

२. मृत्यूचा दाखला: अक्षर न् अक्षर तपासा

पुढचं सगळं या एका कागदावर उभं राहतं.

नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस राहत होता तिथे नाही. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, बाबा गेले पुण्यात, म्हणून दाखला पुण्याच्या महापालिकेतून. गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालून काही उपयोग नव्हता. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदणी कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. घरी झाला तर घरातल्यांची. खेड्यात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका.

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ प्रमाणे मुदत २१ दिवसांची आहे. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यापुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. घरी झालेल्या मृत्यूंच्या बाबतीत हा उशीर फार होतो. घरात सगळ्यांना वाटतं, दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल.

आता नावाचं. दवाखान्यात माहितीचा फॉर्म भरायला कुणीतरी पुढे होतं. आमच्याकडे चुलतभावानं भरला. रात्री अडीच वाजता, उभ्याउभ्या. घरात बाबांना ज्या नावानं हाक मारत तेच त्यानं लिहिलं. आधारवर नाव वेगळं, सातबाऱ्यावर तिसरंच. त्याला मी दोष देत नाही, त्या वेळी कुणाचंही असंच झालं असतं. पण ती दुरुस्ती व्हायला आम्हाला अडीच महिने लागले आणि तोवर बाकीचं सगळं थांबलं.

म्हणून फॉर्म भरणाऱ्याच्या हातात मृत व्यक्तीचं आधार कार्ड द्या आणि त्यातलंच नाव जसंच्या तसं लिहायला सांगा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आईचं नाव, कायमचा पत्ता, तारीख, सगळं एकदा मोठ्यानं वाचून घ्या. चूक झालीच तर नोंदणी कार्यालयातच दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पुरावे आणि प्रतिज्ञापत्र जोडून. सातबारा किंवा जुन्या पॉलिसीवर नाव वेगळं असेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ते तीन-चार ठिकाणी लागतं.

दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या. मूळ प्रत दाखवा, पण कुठेही सोडून येऊ नका.

३. पिशवी उघडा

प्रत्येक घरात एक पिशवी असते. आमच्याकडे कपाटाच्या खालच्या खणात, साड्यांच्या दुकानाची, बंद तुटलेली. बाबा सगळे कागद त्यातच टाकत. विजेची जुनी बिलं, खतांच्या पावत्या, आणि मधेच एलआयसीचा बाँड. दहा दिवसांनी, कुणी पाहुणे नसताना, दुपारी ती उघडा. काहीही फेकू नका. अशी यादी करत जा:

- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, गाडीचं आरसी
- सगळी पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, लॉकरची किल्ली, पोस्टाची खाती
- विम्याचे बाँड आणि हप्त्यांच्या पावत्या
- पेन्शन असेल तर पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), नोकरी असेल तर यूएएन (पीएफचा) क्रमांक आणि शेवटची पगारपावती
- सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), घराची मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, फ्लॅटचा करार आणि शेअर सर्टिफिकेट
- कर्जाचे कागद, दिलेले आणि घेतलेले, दोन्ही
- मृत्युपत्र

मृत्युपत्र साध्या कागदावर हातानं लिहिलेलं, नोंदणी न केलेलं असलं तरी चालतं. त्यावर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मिळालं तर लगेच फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवा. लपवून ठेवलेल्या कागदावर पुढे कुणीच विश्वास ठेवत नाही.

आणि पासबुकं नुसती गोळा करू नका, वाचा. गेल्या वर्षभराच्या एन्ट्र्या भरून आणा आणि ओळीवर बोट ठेवून खाली या. माझ्या दिराच्या पासबुकात मेअखेरची एक एन्ट्री होती, ४३६ रुपये. जाऊ म्हणाली, बँकेचा काहीतरी चार्ज असेल. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता होता. दोन लाखांचा विमा, घरात कुणालाच माहीत नसलेला. हा विमा ५५ वर्षं वयापर्यंत चालतो आणि मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी मिळतो. २० रुपयांची एन्ट्री दिसली तर ती सुरक्षा विमा योजनेची. तिथे मृत्यू अपघाती असावा लागतो. दोन्हींचा दावा त्याच बँकेच्या शाखेत करायचा, आणि होईल तितका लवकर.

४. मुदत असलेली कामं वेगळी काढा

बाकी बहुतेक कामं दोन-तीन महिने थांबू शकतात. ही थांबत नाहीत:

- मृत्यूची नोंद: २१ दिवस
- गाडी: ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायला अर्ज
- शेतजमिनीची वारस नोंद: तीन महिने (नंतरही होते, पण लांबवू नका)
- रस्ता अपघातात मृत्यू असेल तर नुकसान भरपाईचा दावा: सहा महिने

अपघात, सर्पदंश, वीज पडणं, बुडणं अशा मृत्यूत पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल सोडू नका. त्या वेळी ‘आता कशाला चिरफाड’ असं वाटतं. पण त्या कागदांशिवाय अपघात विमा मिळत नाही. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळू शकतात, तिथेही हेच कागद मागतात. त्यासाठी तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार तहसीलमधून मिळतात, मृत्यूचं कारण काहीही असो.

५. बँक, आणि नॉमिनी या शब्दाचा अर्थ

भावंडांची सगळ्यात जास्त भांडणं या एका शब्दावरून मी पाहिली आहेत. खात्याला नॉमिनी असला तर बँक पैसे त्याच्या हातात देते. म्हणून तो पैसा एकट्या त्याचा होत नाही. नॉमिनीनं तो वारसांसाठी सांभाळायचा असतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. हा फरक घरात सगळ्यांना बसवून आधीच सांगा.

नॉमिनी असेल तर दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचं ओळखपत्र एवढ्यावर काम होतं. ‘कोर्टाचा वारस दाखला आणा’ असं सांगितलं तर लेखी मागा.

नॉमिनी नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या, बाकीच्यांचं ना हरकत पत्र आणि बँकेला लिहून द्यायचं हमीपत्र लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंतची रक्कम (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) अशा सोप्या पद्धतीनं, कोर्टाच्या कागदाशिवाय द्यायची आहे. सगळे कागद पोहोचल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, उशीर बँकेमुळे झाला तर व्याज द्यायचं. म्हणून कागद देताना पोचेवर तारीख आणि शिक्का घ्या. आम्ही पहिल्यांदा पोच घेतली नाही. महिन्यानं त्या शाखेत कागद सापडेनात, आणि सगळं पुन्हा दिलं.

पेन्शन येत असेल तर बँकेला लवकर कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत करावी लागते. पीपीओवर आईचं नाव असेल तर कौटुंबिक पेन्शन सुरू व्हायला फारसा त्रास होत नाही.

जुनी, विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. नाव आणि पॅन टाकून बघा.

६. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर

कंपनीला मेल करा आणि तीन गोष्टी एकदम मागा. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ. तिसरा फॉर्म बरेचदा राहून जातो, कारण पीएफला जोडून विमा असतो हेच लोकांना माहीत नसतं. त्याचा हप्ता कंपनी भरते आणि रक्कम ७ लाखांपर्यंत जाऊ शकते. विधवेबरोबर दोन मुलांनाही २५ वर्षं वयापर्यंत पेन्शन मिळते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं नोकरीची अट असते ती मृत्यूच्या बाबतीत लागत नाही. जावेला कंपनीतून आधी ‘पाच वर्षं झाली नाहीत’ असंच सांगितलं होतं. लेखी अर्ज दिल्यावर रक्कम आली.

७. सातबारा आणि घर

वारस नोंदीचा अर्ज गावच्या तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) किंवा ई-हक्क पोर्टलवरून करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि वंशावळ लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. तलाठी चौकशी करून सहा-क या वारस नोंदवहीत नावं घेतात, मग फेरफार (नावबदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला २०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीमही घेतली. आजोबा-पणजोबांचीच नावं अजून सातबाऱ्यावर असलेली घरं गावोगाव आहेत.

वारस कोण? पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही येतात. आमच्या अर्जात आम्ही आई, मी आणि भाऊ अशी तीन नावं लिहिली होती. तलाठ्यांनी वर बघितलं आणि विचारलं, ‘आजी आहेत ना अजून?’ आजी ८९ वर्षांची, दारात बसलेली. पोरगा गेल्यापासून तिच्याशी कुणी नीट बोललंही नव्हतं. तिचं नाव लागलं. अंगठा देताना तिनं बाबांचं नाव घेऊन विचारलं, ‘त्याच्या जागी मी का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलींचं नाव टाळू नका. लग्न झालेल्या मुलीचंही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासून, मुलाइतकाच आहे. त्या वेळी वडील हयात नसले तरी बिघडत नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. ‘आत्ता भावाचंच लावू, तुझं बघू नंतर’ याला बहिणींनी हो म्हणू नये. एखादीला मनापासून हक्क सोडायचा असेल तर आधी नाव लागू द्या, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरची सही पुरत नाही. आणि दुःखाच्या दिवसांत तर तिला विचारूच नका.

वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नावं सामाईक लागतात, हिस्से पाडणं हे वेगळं काम. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकानाही वाचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो.

फ्लॅट असेल तर सोसायटीला दाखला आणि अर्ज द्या. नॉमिनीला २०१९ पासून तात्पुरतं सदस्यत्व मिळतं, वारस ठरेपर्यंत. शहरातल्या जागेची नोंद सिटी सर्व्हे कार्यालयात, गावातल्या घराची ग्रामपंचायतीत.

८. कोर्टाचा दाखला कधी?

बँकेतली मोठी रक्कम, शेअर्स, येणं वगैरे जंगम मालमत्तेला नॉमिनी नसेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्थावर मालमत्तेसाठी वारस दाखला वेगळा, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. दोन्हींना काही महिने जातात. म्हणून कुणी ‘वारस दाखला आणा’ म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: कुठला, तहसीलचा की कोर्टाचा? आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. या एका प्रश्नानं आमच्या दोन फेऱ्या वाचल्या.

९. कर्ज

वसुलीचे फोन येतात, कधी तेराव्याच्या आधी. घाबरून स्वतःच्या खिशातून भरू नका. गेलेल्याच्या कर्जाची जबाबदारी वारसावर त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर मात्र ती तुमचीही. गृहकर्जाबरोबर विमा उतरवला होता का, हे बँकेला लेखी विचारा. हप्ता भरण्याआधीच.

१०. उरलेलं

गॅस, वीज मीटर, रेशन कार्ड ही कामं सवडीनं. आधारवर मृत्यूची नोंद आता माय-आधार पोर्टलवरून करता येते.

पॅन लगेच परत करू नका. त्या वर्षी मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसानं भरायचं असतं. त्यासाठी आयकर पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. कापलेला टीडीएस त्यातूनच परत येतो. सगळी खाती मिटल्यावर पॅन रद्द करा, आणि सिमही तेव्हाच.

११. आईच्या कागदांवरचं नाव

आठ महिन्यांनी शेवटची मुदत ठेव आईच्या नावावर झाली. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं आईच्या जुन्या खात्याचं पान उघडलं आणि सहज विचारलं, ‘नॉमिनी हेच ठेवायचे का?’ पडद्यावर बाबांचं नाव होतं. घरी येऊन बघितलं तर आईच्या तिन्ही पासबुकांवर, पोस्टात, पॉलिसीवर, सगळीकडे तेच. हयात जोडीदाराची प्रत्येक नामनिर्देशन नोंद बदलून घ्या. बँक खात्याला आता चार नॉमिनी ठेवता येतात, टक्के ठरवून. आईनं आम्हा दोघांची नावं निम्मी-निम्मी लिहिली. फॉर्म भरताना जुन्या नॉमिनीच्या रकान्यात बाबांचं नाव तिनं स्वतःच्या हातानं, पूर्ण लिहिलं. मी मध्ये बोलले नाही.